वाढते आयुर्मान आणि सांभाळाचा प्रश्न

१९५१ च्या जनगणनेच्या सुमारास भारतातील सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते; आज ते ७० वर्षांपर्यंत पोहोचले असून महाराष्ट्रात त्याहून दोन-अडीच वर्षांनी अधिक आहे. पाऊणशे वर्षांत आयुर्मान दुपटीहून अधिक व्हावे ही असाधारण घटना आहे, पण तिचा अर्थ पुष्कळदा चुकीचा लावला जातो. आयुर्मान ३२ होते म्हणजे त्या काळी माणसे तिशीतच म्हातारी होऊन मरत असत, असे नव्हे. एखाद्या वर्षीचे निरनिराळ्या वयोगटांतील मृत्युदर जन्मभर तसेच राहिले, तर त्या वर्षी जन्मलेली बालके सरासरी किती वर्षे जगतील, याचे गणित म्हणजे जन्मवेळचे अपेक्षित आयुर्मान. आणि ज्या समाजात असंख्य अर्भके पहिल्या वाढदिवसाआधीच दगावतात, त्याची सरासरी मुख्यतः या मृत्यूंमुळेच खाली ओढली जाते. भारतात १९७१ मध्ये दर हजार जन्मांमागे १२९ अर्भके वर्षाच्या आत मरत होती. २०२० पर्यंत हे प्रमाण २८ वर आले आणि महाराष्ट्रात १६ वर. आयुर्मानाच्या वाढीचा मोठा हिस्सा असा पाळण्यात मिळवलेला आहे.

हा लाभ कोणा एका औषधाने किंवा एका शोधाने झालेला नाही. १९५३ पासूनची हिवतापविरोधी मोहीम, १९७७ पर्यंत झालेले देवीचे उच्चाटन, १९८५ नंतरचे सार्वत्रिक लसीकरण, प्रतिजैविके, पिण्याचे पाणी, रस्ते आणि शिधावाटप यांचा तो एकत्रित परिणाम आहे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत दख्खनमध्ये दुष्काळ आणि प्लेग यांनी गावेच्या गावे ओस पाडली होती. १९७२ च्या दुष्काळात पिके बुडाली, जनावरे गेली, पण दुष्काळी कामांवरील मजुरीमुळे तशा प्रमाणावर माणसे मेली नाहीत, आणि त्याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. दीर्घायुष्य हे सार्वजनिक प्रयत्नांचे फळ आहे, ही गोष्ट येथे मुद्दाम नोंदवली पाहिजे. कारण त्या दीर्घायुष्याचा भार उचलण्याची वेळ आली, तेव्हा मात्र तो जवळजवळ पूर्णपणे खासगी घरांवर सोपवला गेला आहे, आणि पुढील विवेचनाचा रोख मुख्यतः या विसंगतीवर आहे.

अर्भके वाचल्यानंतरचा टप्पा प्रौढांच्या आणि वृद्धांच्या आयुष्याचा. साठी गाठलेल्या भारतीय माणसाला १९७० च्या दशकात सरासरी आणखी १४ वर्षांच्या आसपास आयुष्य मिळे. आज ते सुमारे १८ वर्षे मिळते, म्हणजे साठीला पोहोचलेल्यांपैकी बहुतेकांनी पंचाहत्तरी पाहावी हे आता स्वाभाविक झाले आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांना १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले तेव्हा शंभरी हा अपवादांतला अपवाद होता. जपानसारख्या देशातही १९६३ मध्ये शंभरी ओलांडलेली माणसे अवघी १५३ होती आणि २०२४ मध्ये ती ९५ हजारांच्या पुढे गेली. ही वाढ कोठे थांबेल, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. जिम ओपेन आणि जेम्स व्होपेल यांनी २००२ मध्ये दाखवून दिले की १८४० पासून जगातील सर्वोच्च आयुर्मान दर वर्षी साधारण तीन महिन्यांनी वाढत आले आहे आणि ते कोठे थांबेल याविषयीची बहुतेक भाकिते खोटी ठरली आहेत. याउलट जे ओल्शान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये असे मांडले की सर्वाधिक दीर्घायुषी देशांत १९९० नंतर ही गती मंदावली आहे. फ्रान्समधील जान कालमां या १२२ वर्षे जगून १९९७ मध्ये वारल्या आणि तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही, ही वस्तुस्थिती दुसऱ्या पक्षाला बळ देते. भारतापुरता मात्र हा वाद अजून दूरचा आहे. येथे प्रश्न शंभरीचा नसून साठ ते ऐंशी या वीस वर्षांचा आहे.

आयुर्मान वाढते त्याच काळात जन्मदर घटतो, आणि लोकसंख्येतील वृद्धांचे प्रमाण मुख्यतः या घटीमुळे वाढते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यभरात होणाऱ्या अपत्यांची सरासरी, १.७ निघाला, लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी तो २.१ लागतो. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसे १० कोटी ३८ लाख, म्हणजे ८.६ टक्के होती. केरळात हे प्रमाण १२.६, गोव्यात ११.२ आणि महाराष्ट्रात ९.९ टक्के होते, आणि २०५० च्या सुमारास देशात दर पाच माणसांमागे एक माणूस साठीपुढचा असेल असा अंदाज आहे. यातील खरी अडचण गतीची आहे. पासष्टीपुढच्यांचे प्रमाण ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जायला फ्रान्सला ११५ वर्षे लागली आणि त्या अवधीत त्या देशाने उद्योग, विमा, निवृत्तिवेतन आणि रुग्णालये उभी केली. भारताला हेच अंतर कापायला तीस वर्षेही मिळणार नाहीत. शिवाय राज्याची सरासरी जिल्ह्याजिल्ह्यातला फरक झाकून टाकते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात वाढण्याऐवजी घटली. तरुण मुंबईला किंवा त्याही पलीकडे गेले, मागे राहिलेली घरे वर्षातून गणपतीला आणि शिमग्याला भरतात, आणि उरलेले दिवस त्यांत एक किंवा दोन म्हातारी माणसे राहतात. महाराष्ट्राचे उद्याचे वयोमान पाहायचे असेल तर ते कोकणात आजच दिसते.

आरोग्याच्या अंगाने मूळ प्रश्न असा की वाढलेली वर्षे निरोगी असतात की आजारी. अर्नेस्ट ग्रुएनबर्ग यांनी १९७७ मध्ये अशी भीती व्यक्त केली की वैद्यकशास्त्र मृत्यू पुढे ढकलते पण रोग बरा करीत नाही, म्हणून यशाबरोबर आजारपणाचा काळच लांबेल. जेम्स फ्राइज यांनी १९८० मध्ये नेमके उलट मांडले : आजार सुरू होण्याचे वय आयुर्मानापेक्षा वेगाने पुढे गेले तर आजारपणाचा काळ आकुंचन पावून आयुष्याच्या अगदी अखेरीस काही महिन्यांपुरता उरेल. केनेथ मॅन्टन यांनी १९८२ मध्ये सुचवलेला मधला विचार असा की आजारपणाची वर्षे वाढतात, पण त्यांची तीव्रता कमी राहते. तिन्ही मांडण्या कोठे ना कोठे खऱ्या ठरल्या आहेत. भारताच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेचे २०१९ चे आकडे बोलके आहेत : जन्मवेळचे आयुर्मान ७०.८ वर्षे आणि निरोगी आयुर्मान, म्हणजे आजार व अपंगत्वाचा काळ वजा करून उरणारे आयुष्य, ६०.३ वर्षे. दहा वर्षांहून अधिक काळ सरासरी भारतीय माणूस काही ना काही दुखणे घेऊन काढतो.

या दुखण्यांचे स्वरूप मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये सुमारे ७२ हजार व्यक्तींची पाहणी करून नोंदवले. साठीपुढच्या दर चारांपैकी तिघांना उच्च रक्तदाब, मधुमेह, सांधेदुखी, दमा यांसारखा किमान एक दीर्घकालीन आजार आहे. त्याच पाहणीवर आधारलेल्या पुढील अभ्यासातून स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असे निघाले. आजवरची सरकारी आरोग्यव्यवस्था माता, बालक आणि साथीचे रोग यांच्याभोवती बांधली गेली, आणि तिने तेथे मिळवलेले यश वादातीत आहे. पण साथीचा रोग येतो आणि जातो, तर मधुमेह तीस वर्षे घरात राहतो. त्याला दर महिन्याला गोळ्या, तपासणी, पायांची काळजी आणि ओळखीचा डॉक्टर लागतो. वृद्ध रुग्ण चार आजारांसाठी चार तज्ज्ञांकडे जातो, प्रत्येक जण आपापली चिठ्ठी देतो, आणि दहा-बारा गोळ्यांचा एकमेकींशी मेळ बसतो की नाही हे पाहणारे कोणी नसते.

न्हाणीघरातील पडणे ही घटना याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. ठिसूळ झालेली हाडे, मंद दिवा, ओली फरशी आणि धरायला दांडी नसणे एवढ्याने खुब्याचे हाड मोडते. शस्त्रक्रिया होते, ती बहुधा यशस्वीही होते. परंतु त्यानंतरचे तीन महिने रुग्णाला उठवणे, बसवणे, चालवणे, कूस बदलणे, लघवी-संडासाची व्यवस्था पाहणे हे काम नीट झाले नाही, तर स्नायू आटतात, पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, आणि शस्त्रक्रियेतून वाचलेला माणूस वर्षाच्या आत जातो. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचार मिळू लागले. हे पाऊल मोठे आहे आणि त्याचे मनापासून स्वागत केले पाहिजे. मात्र ही योजना रुग्णालयात दाखल होण्यापुरती आहे. घरी परतल्यावर पंधरा दिवसांपलीकडे लागणारी औषधे, फिजिओथेरपी आणि अंथरुणाजवळ बसणारे माणूस तिच्यात बसत नाही. न्हाणीघरात दांडी बसवण्याचा खर्च तर कोणत्याच योजनेत नाही, आणि तो काही शे रुपयांचा असतो.

निवृत्तीच्या वयाची चर्चा बहुधा जर्मनीपासून सुरू होते. बिस्मार्क यांच्या राजवटीत १८८९ मध्ये तेथे वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन सुरू झाले ते वयाच्या सत्तरीपासून, आणि १९१६ मध्ये ते वय ६५ करण्यात आले. त्या काळी अनेक कामगार या वयापर्यंत पोहोचतच नसत, त्यामुळे सरकारी तिजोरीवरचा बोजा मर्यादित होता. आज युरोपात निवृत्तीनंतर वीस-पंचवीस वर्षांचे आयुष्य असते आणि काम करणाऱ्या पिढीच्या वर्गणीतून निवृत्त पिढीला वेतन देण्याची पद्धत ताणली जाते. फ्रान्सने २०२३ मध्ये निवृत्तीचे वय ६२ वरून ६४ करण्याचा कायदा केला तेव्हा उसळलेले आंदोलन या ताणाचेच होते. भारतात केंद्र सरकारने हे वय १९६२ मध्ये ५५ वरून ५८ आणि १९९८ मध्ये ६० केले. महाराष्ट्रात अ, ब आणि क गटांतील कर्मचाऱ्यांसाठी ते अजून ५८ आहे. ते ६० करावे ही अधिकाऱ्यांच्या संघटनांची जुनी मागणी आहे, आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांचा तिला विरोध आहे. संपूर्ण अर्थव्यवस्थेत नोकऱ्यांची संख्या ठरलेली नसते, म्हणून वृद्ध कामावर राहिल्याने तरुण बेकार होतात हा समज सर्वसाधारणपणे चुकीचा आहे. परंतु सरकारी पदे मंजूर आणि मोजकी असतात, त्यामुळे या मर्यादित क्षेत्रात तरुणांची तक्रार खरी आहे.

निवृत्तिवेतनाची चर्चाही अशीच एका वर्गाभोवती फिरते. जुन्या पद्धतीत शेवटच्या वेतनाच्या निम्मी रक्कम आयुष्यभर मिळे, आणि ऐंशीव्या वर्षी २० टक्क्यांपासून शंभराव्या वर्षी १०० टक्क्यांपर्यंत ती वाढत जाई. म्हणजे माणूस किती जगेल याची सारी जोखीम सरकार उचलत असे. केंद्रात १ जानेवारी २००४ आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांसाठी वर्गणीवर आधारलेली पद्धत आली आणि ही जोखीम कर्मचाऱ्यावर गेली : जमा रक्कम लवकर संपली आणि आयुष्य उरले, तर काय करायचे हे ज्याचे त्याने पाहायचे. मार्च २०२३ मधील महाराष्ट्रातील सरकारी कर्मचाऱ्यांचा संप याच प्रश्नावर झाला, आणि त्यानंतर केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून निश्चित निवृत्तिवेतनाची एकीकृत योजना देऊ केली. जगण्याची अनिश्चितता एकट्याने पेलण्याजोगी नसते, ती असंख्य माणसांत वाटून घ्यावी लागते, हे तत्त्व कर्मचाऱ्यांनी योग्यच ओळखले. खंत एवढीच की हे तत्त्व ज्यांना सर्वांत आधी लागू व्हायला हवे, ते या चर्चेत कोठेच नसतात.

कारण देशातील दहांपैकी आठ-नऊ कामकरी माणसे असंघटित क्षेत्रात आहेत आणि त्यांना निवृत्ती हा प्रकारच नाही. साठीपुढच्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक माणसे अजून काम करतात. ते शरीराने साथ दिली म्हणून नव्हे, तर थांबणे परवडत नाही म्हणून. कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांसाठीच्या १९९५ च्या योजनेत किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून महिना १००० रुपये आहे. निराधार वृद्धांसाठीच्या राष्ट्रीय योजनेत केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी या वयासाठी महिना २०० रुपये, म्हणजे दिवसाला सात रुपयांहूनही कमी, आणि तो २००७ पासून बदललेला नाही. महाराष्ट्राची श्रावणबाळ योजना ६५ वर्षांपुढच्यांना महिना १५०० रुपये देते, पण त्यासाठी अख्ख्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असावे ही अट वर्षानुवर्षे राहिली. दिवसाला साठ रुपयेही न कमावणारे कुटुंबच तेवढे गरीब, असा याचा अर्थ होतो. त्यात हयातीचा दाखला आला. आयुष्यभर खुरपे धरलेल्या आणि राखेने भांडी घासलेल्या स्त्रीच्या बोटांच्या रेषा झिजून जातात, यंत्रावर ठसा उमटत नाही, आणि जिवंत असल्याचे सिद्ध करण्यासाठी तिला तहसील आणि बँक यांच्या खेपा घालाव्या लागतात. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आता झाली आहे, पण ती वापरण्यासाठी स्मार्टफोन आणि तो चालवून देणारे कोणीतरी लागते.

निवृत्तीचे वय वाढवावे या सल्ल्याची मर्यादा यातून स्पष्ट होते. २०१४-१८ च्या नमुना नोंदणी आकडेवारीत दिल्लीचे आयुर्मान ७५.३ तर छत्तीसगडचे ६५.२ होते, एकाच राज्यातही खुर्चीत बसून काम करणारा आणि डोक्यावर विटा वाहणारा यांच्या शरीराची झीज सारखी नसते. लाभ सुरू होण्याचे वय सर्वांसाठी सरसकट पुढे नेले, तर कमी जगणाऱ्यांच्या वाट्याची वर्षे जास्त जगणाऱ्यांना दिल्यासारखे होते. भारतात आधी सर्वांना महागाईशी जोडलेले किमान निवृत्तिवेतन, आणि मग वयाची चर्चा, हाच क्रम न्याय्य ठरेल.

समाजावरील परिणामांत सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी मोजला जाणारा परिणाम म्हणजे सांभाळाचे श्रम. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे करणे हे काम मराठी घरांत सून, मुलगी किंवा स्वतः साठी ओलांडलेली पत्नी करते. त्याला पगार नाही, सुट्टी नाही आणि ते संपण्याची तारीख नाही. पन्नाशीतली स्त्री नोकरी सोडते ती पुष्कळदा सासूच्या किंवा आईच्या स्मृतिभ्रंशापायी, आणि त्याबरोबर तिची स्वतःची म्हातारपणाची बचतही थांबते. स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक जगतात, नवऱ्याहून वयाने लहान असतात, त्यामुळे साठीपुढच्या स्त्रियांपैकी साधारण निम्म्या विधवा आहेत. ज्यांनी इतरांना शेवटपर्यंत सांभाळले, त्यांनाच शेवटी सांभाळणारे कोणी नसण्याची शक्यता सर्वांत जास्त. बीडसारख्या जिल्ह्यात ऊसतोडीच्या हंगामात चित्र आणखी वेगळे असते : धडधाकट जोडपी कारखान्याच्या फडावर जातात आणि गावात राहिलेली आजी नातवंडांचे सारे पाहते. वृद्ध म्हणजे परावलंबी हे गृहीतक अशा घरांत टिकत नाही.

शहरांत या कामाची बाजारपेठ तयार झाली आहे. ब्युरोमार्फत बारा किंवा चोवीस तासांसाठी मावशी किंवा केअरटेकर मिळतात, आणि परदेशी गेलेल्या मुलांच्या पुण्या-मुंबईतील आईवडिलांचा दिनक्रम त्यांच्यावरच चालतो. या स्त्रिया बहुधा खेड्यांतून किंवा झोपडवस्त्यांतून येतात, बहुतेकींना प्रशिक्षण मिळालेले नसते, आजारपणाची रजा नसते, आणि त्यांच्या स्वतःच्या म्हातारपणाची तरतूद कोणीच केलेली नसते. एका वर्गाचे वार्धक्य सुसह्य करण्यासाठी दुसऱ्या वर्गाचे वार्धक्य असुरक्षित ठेवणारी ही रचना फार काळ टिकणारी नाही आणि टिकूही नये.

कायद्याने आजवर मुख्यतः मुलांच्या कर्तव्यावर भर दिला. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ आणि कल्याण अधिनियमानुसार न सांभाळणाऱ्या अपत्यांविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते आणि महिना दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. सांभाळाच्या अटीवर लिहून दिलेले घर ती अट मोडल्यास परत मिळवता येते, आणि फसवल्या गेलेल्या अनेकांना या कलमाचा आधार झाला आहे. मात्र एकुलत्या एका मुलीला स्वतःचे आणि नवऱ्याचे मिळून चार वृद्ध पाहायचे असतील, तर तेथे कर्तव्यबुद्धी कमी पडत नाही, हात कमी पडतात. जपानने हे ओळखून एप्रिल २००० मध्ये दीर्घकालीन परिचर्येचा सक्तीचा विमा सुरू केला : चाळिशीपासून प्रत्येकाने वर्गणी भरायची, गरजेची पायरी ठरवून घरी मदतनीस, दिवसाचे केंद्र किंवा निवासी व्यवस्था मिळायची, आणि खर्चाचा थोडा हिस्सा स्वतः द्यायचा. भारताला जपानचा खर्च झेपणार नाही, परंतु केरळने २००८ मध्ये वेदनाशामक परिचर्येचे धोरण स्वीकारून पंचायतींमार्फत, प्रशिक्षित परिचारिका आणि स्वयंसेवक घरोघरी पाठवून, कमी पैशांतही बरेच काही करता येते हे दाखवले आहे.

महाराष्ट्राने आतापर्यंत प्रवासाची सवलत चांगली दिली. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, आणि त्यामुळे लेकीच्या गावी किंवा पंढरपूरला जाण्यासाठी कोणाकडे पैसे मागावे लागत नाहीत, हे लहान समाधान नव्हे. ज्येष्ठ नागरिक संघ आणि महापालिकांची विरंगुळा केंद्रे चालत्या-फिरत्या वृद्धांचा एकटेपणा पुष्कळ हलका करतात. उणीव आहे ती ज्यांना उंबरठा ओलांडता येत नाही त्यांच्यासाठी. गावातल्या आशा कार्यकर्तीला गरोदर स्त्रीची आणि बाळाची नोंद ठेवायची सवय आणि कौशल्य दोन्ही आहे. तिच्याच जोडीला वेतन देऊन नेमलेली एक वृद्धसेविका, आठवड्याची एक घरभेट आणि तालुक्याच्या रुग्णालयात वृद्धांसाठी ठरलेला बाह्यरुग्ण विभाग, एवढे झाले तरी अंथरुणावरच्या जखमा आणि टाळता येण्याजोगे मृत्यू पुष्कळ कमी होतील. मृत्यूच्या बाबतीत कायदा काही पावले पुढे आला आहे : असाध्य अवस्थेत कृत्रिम उपायांनी जगवू नये असे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या सहीची अट काढून २०२३ मध्ये ती प्रक्रिया नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुरती सोपी केली. अतिदक्षता विभागाचे बिल आणि नातेवाइकांची द्विधा यांत अडकलेल्या कुटुंबांना या हक्काची माहिती रुग्णालयांनी आपण होऊन देणे आवश्यक आहे. तूर्त ती बहुतेकांपर्यंत पोहोचलेली नाही.